नीळकंठ फिटरचे कान

उंद्रीचे नीळकंठ वायाळ बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात. नवखा माणूस जरा बिचकतो, मिशीला काही चिकटलंय की काय म्हणून हात फिरवतो. गावाला आता सवय झाली आहे. कुणी त्यांच्याशी बोलायला आलं की आपसूक समोर येऊन बसतं, तोंडावर हात धरत नाही, तंबाखू थुंकून मग बोलतं. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, ओसरीवर बसून, माझ्या तोंडाकडे बघत. मध्ये मध्ये पुष्पाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, स्वयंपाकघरातून येऊन दुरुस्त्या करत होत्या.

वायाळांची शेती तीन भावांत थोडी. थोरल्या दोघांनी ती धरली आणि धाकटे नीळकंठभाऊ दहावीनंतर खामगावच्या रस्त्यावर नारायणरावांच्या जिनिंगमध्ये हेल्पर म्हणून लागले. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. लांबलचक शेड, त्यात दोन्ही अंगांनी ओळीने मांडलेल्या मशिनी, त्यांना तिथले लोक जीन म्हणतात. वरून कापूस टाकायचा, चामड्याचे रोलर आणि पोलादी पट्टी त्यातली रुई ओढून घेतात आणि सरकी खाली गळते. एक जीन चालू असलं तरी शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. दिवाळीनंतर कापूस आला की शेडमधली सगळी जीनं एकदम चालतात. नवा माणूस आत शिरला की त्याला तो आवाज कानात कमी आणि छातीत जास्त जाणवतो.

तिथे कुणी बोलत नाही. मूठ वळली म्हणजे बंद कर. मनगट फिरवलं म्हणजे पट्टा सैल झाला. दोन बोटं ओठांना लावली म्हणजे चहा आला. कापूस टाकणाऱ्या बाया तर या खुणांनी सासूच्या कागाळ्याही करत. हेल्परचा फिटर होईपर्यंत नीळकंठभाऊंना या बोलीत सगळं सांगता येऊ लागलं होतं आणि ओठ वाचायलाही ते नकळत तिथेच शिकले.

फिटर म्हणून त्यांचं नाव झालं ते कानांमुळे. सकाळी शेडच्या दारात उभे राहायचे, एवढ्या गोंगाटात मान जराशी कलती करायचे आणि नेमक्या जीनकडे बोट दाखवायचे. तिथलं बेअरिंग कोरडं पडलेलं असायचं, नाहीतर पट्टी रोलरला घासत असायची. नारायणराव बाहेरगावचे व्यापारी आले की त्यांना मुद्दाम दारात उभं करून हा प्रकार दाखवत. "आमचा नीळकंठ मशिनची नाडी पाहते," म्हणत. सीझन संपला की बाकीचे मजूर घरी जात, नीळकंठभाऊ मात्र उन्हाळ्या-पावसाळ्यातही कामावर असत. मशिनी खोलायच्या, रोलरचं चामडं बदलायचं, पट्ट्यांना धार लावायची. पगार बारा महिने होता.

कान एका दिवसात जात नाहीत. आधी कानात एक बारीक किणकिण सुरू झाली, सीझनभर असायची आणि पावसाळ्यात कमी व्हायची. पुढे ती पावसाळ्यातही राहू लागली. मग कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. मोबाइल खिशात वाजून वाजून बंद पडायचा. पुरुषांचं बोलणं कळायचं, बायकांचं नि लहान पोरांचं तुटक तुटक यायचं. पुष्पाबाईंचा आवाज मुळातच बारीक.

"तू तोंडातल्या तोंडात काऊन बोलून राह्यली?" ते चिडून विचारायचे.

"मी तोंडातल्या तोंडात नाही बोलत, तुमाले आयकू येत नाही."

"मले? अवं, सतरा मशिनीतून एक बिघडलेली मशीन मले आयकू येते!"

ते खोटं बोलत नव्हते. घासणाऱ्या लोखंडाचा जाड आवाज त्यांना बराच काळ कळत राहिला. शिवाय कारखान्यात सगळे खुणांनीच बोलत असल्यामुळे तिथे त्यांचं काही अडत नव्हतं. अडायचं ते घरी आणि पाहुण्यांत. तिथे त्यांनी एक युक्ती काढली होती. ऐकू आलं नाही की हसायचं आणि "हाव" म्हणायचं.

या "हाव"ने एकदा मोठा घोळ केला. त्यांची मुलगी रेवती, तिचं सुलतानपूरच्या रामरावांच्या मुलाशी ठरत होतं. सोयरिकीची बैठक रामरावांकडे होती. रामराव शांत माणूस, हळू बोलणारे, आणि बोलताना उपरण्याने तोंड पुसत राहायचे. सगळं ठरल्यावर त्यांनी विचारलं, लग्न मार्गशीर्षातच उरकू, तुमच्याच दारी, चालते ना? नीळकंठभाऊ हसून "हाव" म्हणाले. लगेच पेढे वाटले गेले.

परतीच्या वाटेवर मेहकरला चहाला थांबले तेव्हा पुष्पाबाईंनी विचारलं, "मार्गशीर्षात तुमाले सुट्टी कोन देईन? अन् पंधरा-वीस रोजात तयारी कशी होईन?"

"मार्गशीर्षाचं कोन म्हणलं?"

"तुमीच हाव म्हणले ना!"

नीळकंठभाऊंनी कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. आपण कशाला हो म्हणालो हे आपल्याला ठाऊक नव्हतं, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा पुष्पाबाईंसमोर उघडी पडली. लग्न झालं, मार्गशीर्षातच झालं, ऐन सीझनमध्ये चार दिवसांची रजा काढून. रेवती सुखात आहे. पण पुष्पाबाई तेव्हापासून म्हणत राहिल्या, डॉक्टरला दाखवा. नीळकंठभाऊ टाळत राहिले. बहिऱ्या फिटरला कोण ठेवील, ही भीती त्यांनी बायकोलाही सांगितली नाही.

एका सीझनच्या सुरुवातीला कारखान्यात आरोग्य शिबिर भरलं. कान तपासायची एक गाडी आली होती. आत कापडी भिंतींची छोटी खोली, तिला काच, काचेपलीकडे एक पोरगा मशीन घेऊन बसलेला. कानाला हेडफोन लावायचा, बारीकशी पिप ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. नीळकंठभाऊ आत बसले आणि पहिल्या मिनिटातच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काही ऐकू येत नाहीये. पण काचेतून त्या पोराचा अंगठा दिसत होता. अंगठा खाली गेला की हे बटण दाबत. पोरगा नवा असावा, त्याला काही कळलं नाही. कागदावर "सौम्य दोष" असा शेरा आला. नारायणरावांनी पाठीवर थाप मारली. नीळकंठभाऊ संध्याकाळी घरी पेढे घेऊन गेले.

त्याच सीझनमध्ये, माघात आग लागली.

दुपारची वेळ होती. कोपऱ्यातल्या जीनचं बेअरिंग कोरडं पडलं आणि किंचाळायला लागलं. नीळकंठभाऊ पाठमोरे, दुसऱ्या मशिनीचा पट्टा ताणत होते. त्याच ओळीत कापूस टाकणारी कोकिळा त्या वर्षीच कामाला लागलेली, तिचे कान अजून धड होते. तिला ते किंचाळणं ऐकू आलं. तिने हाका मारल्या, मग धावत येऊन त्यांचा दंड ओढला. तोवर बेअरिंग लाल झालं होतं आणि खाली साचलेल्या रुईने पेट घेतला होता. वाळूच्या बादल्या होत्या, पाणी होतं, माणसं धावली. कुणाला भाजलं नाही. रुईचा एक ढीग जळाला आणि शेडचे दोन पत्रे काळे झाले.

धूर विरल्यावर नारायणरावांनी कोकिळेला विचारलं काय झालं. तिने जे झालं ते सांगितलं, "मी लय बोंबलली, पन भाऊले आयकूच नाही गेलं." नीळकंठभाऊंना तिचं बोलणं ऐकू आलं नाही, पण ओठांवरून सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकावर बसवलं. गाड्यांची नोंद करायची, आत-बाहेर बघायचं. नारायणराव वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "तुले काढत नाही नीळकंठ. पन शेडमध्ये आता तुह्यावर भरवसा कसा ठेवू?" फाटकावरच्या माणसाचा पगार फिटरच्या पगारापेक्षा बराच कमी असतो. तो कमी झाला. नीळकंठभाऊंनी मान डोलावली आणि खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नाहीत. पुष्पाबाई म्हणाल्या, घरी आले की गोठ्यात जाऊन बसायचे, गाईशी बोलायचे, कारण ती उत्तर देत नाही.

अखेर पुष्पाबाईच त्यांना अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे कानांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर चारुलता होत्या, चाळिशीच्या, बोलताना चेहरा स्वच्छ समोर धरणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी कान नुसते आतून पाहिले आणि कुठे काम करता विचारलं. जिनिंग म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका, आज तपासणी नाही करत. गोंगाटातून आलेला कान थकलेला असतो, तो आहे त्याहून जास्त बहिरा दिसतो. सीझन संपू द्या, शांत जागेत राहा. मग या. जे कायमचं गेलंय तेवढंच मला मोजायचंय."

उन्हाळ्यात दोघं पुन्हा गेले. इथेही तशीच खोली, तशीच काच. नीळकंठभाऊंची नजर सवयीने डॉक्टरांच्या हाताकडे गेली. हात हलला, बटण दाबलं. पुन्हा हलला, पुन्हा दाबलं. थोड्या वेळाने चारुलताबाईंनी हात हलवला, पण आवाज सोडलाच नाही. नीळकंठभाऊंनी बटण दाबलं.

त्या उठून आत आल्या. रागावल्या नाहीत. खुर्ची फिरवून त्यांचं तोंड भिंतीकडे केलं आणि समोर वाकून म्हणाल्या, "काका, इथे काही लोक खोटं बहिरेपण दाखवायला येतात. तुम्ही उलटं का करताय?"

नीळकंठभाऊंनी हातातलं बटण मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "सवय पडली, मॅडम."

त्या दिवशी तपासणी दोनदा झाली, आठवड्याने परत एकदा. तिन्ही वेळा आकडे जुळले. मग झोपवून करायची एक तपासणी केली. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीनच टिपतं. तिच्यात बटण नसतं, माणसाच्या मनात काय आहे याला तिथे काही वाव नसतो. तिचाही निकाल तसाच आला.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून तक्ता दाखवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे जाता जाता खड्ड्यात उतरावी तशी उतरत होती. "गोंगाटाने गेलेला कान असाच दिसतो," त्या म्हणाल्या. "म्हणून मशीन ऐकू येतं आणि काकू ऐकू येत नाहीत."

पुष्पाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांचं भांडण त्या एका वाक्यात मिटलं होतं.

"मंग किती गेले?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी हिशेब समजावला. बोलणं समजायला लागतात त्या आवाजाच्या तीन-चार पट्ट्यांमधला दोष घेऊन त्याची सरासरी काढायची. पहिले पंचवीस डेसिबल धरायचेच नाहीत, तेवढ्याने माणसाचं अडत नाही. त्याच्यापुढच्या प्रत्येक डेसिबलला दीड टक्का. दोन्ही कानांचे टक्के निघाले की चांगल्या कानाला पाचपट वजन द्यायचं, कारण माणूस चालतो तो चांगल्या कानावर. नीळकंठभाऊंचा उजवा कान जरा बरा होता, छत्तीस टक्के गेलेला. डावा अठ्ठेचाळीस. मिळून अडतीस.

"बाकीचे बासष्ट शाबूत हायेत म्हणजे," नीळकंठभाऊ म्हणाले.

"हिशेबात आहेत," चारुलताबाई म्हणाल्या. "पण हे कामामुळे झालंय काका. गोंगाटाने कान जाणं हा कायद्यात कामाचा आजार म्हणून लिहिलेला आहे. मालकाकडून भरपाई मागता येते. मालकाने विमा काढला असेल तर कंपनी देते. मी दाखला देते, तुम्ही वकिलाला भेटा."

मालकावर केस, ही कल्पनाच नीळकंठभाऊंना पटत नव्हती. घरी आल्यावर म्हणाले, "तीस साल त्याहीच्या घरचं खाल्लं."

पुष्पाबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची उलटून त्या त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना नीट दिसेल. "खाल्लं नाही, कमावलं. अन् कमावता कमावता कान तिथं ठिवून आले. मांगायचं का नाही ते तुमी पाहा, पन मेहेरबानी मांगून राह्यलो असं समजू नका."

त्यांच्या नात्यातला हर्षल बुलढाण्याला वकिली करत होता. त्याने कागद वाचले आणि दोन अडचणी सांगितल्या. पहिली, कान अडतीस टक्के गेले म्हणून भरपाई अडतीस टक्के, असं नसतं. कायदा विचारतो, कमावण्याची ताकद किती गेली? हमालाचा कान अडतीस टक्के गेला तर त्याची कमाई तेवढी जात नाही. कानावर पोट असलेल्या माणसाची त्याहून जास्त जाते. ते डॉक्टरांनी सांगायचं आणि भरपाई आयुक्तांनी ठरवायचं. मग त्या टक्क्यांना पगाराचा नि वयाचा हिशेब लागतो. दुसरी अडचण, असा आजार धरायला त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं असावं लागतं. "अन् जिनिंग तर सीझनचा धंदा," हर्षल म्हणाला. "विम्याच्या कंपनीचा वकील तिथंच पकडणार."

नोटीस गेली त्या दिवसापासून नारायणराव मागच्या फाटकाने येऊ-जाऊ लागले. नीळकंठभाऊ पुढच्या फाटकावर बसलेले. रोज हॉर्नशिवाय एक गाडी मागून आत जायची, ती त्यांना ऐकू यायची नाही, पण उडालेली धूळ दिसायची. दिवाळीला मिठाईचा डबा दुसऱ्याच्या हाती आला. कुणी त्यांना कामावरून काढलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. नुसतं बोलणं थांबलं.

केस वर्षभराहून जास्त चालली. बुलढाण्याच्या कोर्टात जाताना पुष्पाबाई दर वेळी बरोबर असत. आत काय चाललंय हे नीळकंठभाऊंना अर्धं कळे. भरपाई आयुक्त म्हणून काम बघणारे न्यायाधीश लांब बसलेले, वकिलांची पाठ इकडे. पुष्पाबाई शेजारी बसून आवाज न करता नुसते ओठ हलवून त्यांना सांगत. हे कसब त्या कधी शिकल्या ते त्यांनाही सांगता येत नाही.

डॉक्टर चारुलतांची साक्ष झाली. फिटरच्या कामासाठी ऐकणं लागतं, म्हणून या माणसाची कमावण्याची ताकद निम्मी गेली, असं त्यांनी सांगितलं. कंपनीच्या वकिलाने शांतपणे त्या शिबिराचा कागद पुढे केला. तेव्हा सौम्य दोष होता. शिबिर झालं सीझनच्या सुरुवातीला आणि आग लागली माघात. एवढ्यात कान असे कसे गेले? की आग लागल्यावर, फाटकावर बसवल्यावर गेले?

मग नीळकंठभाऊंना साक्षीला उभं केलं. न्यायाधीशांनी त्यांना जवळ बोलावलं आणि मोठ्याने, सावकाश विचारलं, "हा कागद तुमचाच ना? तेव्हा ऐकू येत होतं?"

"कागद माह्याच हाय साहेब. पन खोटा हाय."

हर्षलने मान खाली घातली. अशिलाकडून असं काही ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"खोटा म्हणजे?"

"काचेतून त्या पोराचा अंगठा दिसे. अंगठा दबला का मी बटन दाबो. आयकू काहीच नाही ये."

"असं का केलंत?"

"बहिरा फिटर कोन ठेवते साहेब? मले वाटलं, आनखी दोन-चार सीझन निंघून जातीन." मग त्यांनी मागे वळून पुष्पाबाईंकडे पाहिलं. "घरी बी नाही सांगतलं. त्या आगीत एखादी बाई गेली असती तं मी काय तोंड दाखवलं असतं?"

कंपनीचा वकील म्हणाला, तेव्हा खोटं बोलले तसं आताही बोलत असतील. यावर चारुलताबाईंनी झोपवून केलेल्या तपासणीचा निकाल पुन्हा वाचून दाखवला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवल्याची हकिकतही सांगितली. त्या नोंदी त्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवल्या होत्या.

राहिली सहा महिन्यांची गोष्ट. त्यासाठी नारायणरावांना बोलावलं होतं. ते पांढरे कपडे घालून आले, कोर्टाच्या पायऱ्यांवर नीळकंठभाऊंच्या शेजारून गेले पण थांबले नाहीत. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुमचा कारखाना हंगामी आहे?"

"हाव."

"मशिनी किती दिवस चालतात?"

"कापूस जितका येईन तितके. चार-पाच महिने."

"म्हणजे अर्जदाराचं काम तेवढंच."

पुष्पाबाई सांगतात, नारायणराव उत्तर देईनात म्हणून त्यांनाही ओठ हलवता येईनात आणि नीळकंठभाऊ सारखे विचारत होते, काय म्हणलं, काय म्हणलं? मग नारायणराव म्हणाले, "नाही. मशिनी बंद असतात तेव्हा तो मशिनी खोलते. बारा महिने पगार दिला मी त्याले. आमच्याइथं तो कधी हंगामी नव्हता."

एवढंच बोलले. वकिलाने दोन-तीन प्रश्न फिरवून विचारले, त्यांनी तेच उत्तर दिलं.

निकाल लागला तो पुढच्या तारखेला. आयुक्तांनी डॉक्टरांचं बरंचसं मान्य केलं, सगळं नाही. बंद मशीन दुरुस्त करायचं कसब अजून हातात आहे, ते कानांनी नेलेलं नाही, असं म्हणून त्यांनी निम्म्याऐवजी चाळीस टक्के धरले. हर्षल म्हणाला, वर अपील करू. नीळकंठभाऊ म्हणाले, नको. "साहेब बरोबर बोलले. हात हायेत माहे."

कोर्टाबाहेर नारायणराव गाडीपाशी उभे होते. नीळकंठभाऊ जवळ गेले, नमस्कार केला.

"मालक, राग असंन तं सांगा."

नारायणराव काहीतरी बोलले, पण मान खाली घालून. नीळकंठभाऊंना कळलं नाही. जुन्या सवयीने ते हसून "हाव" म्हणणार होते. म्हणाले नाहीत. त्यांनी कानाला हात लावला, "आयकू नाही आलं मालक. वर पाहून बोला."

नारायणरावांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले होते. "म्हणलं, राग होता. आता नाही. शेडमधला आवाज मले बी तितकाच ठाव हाय ना बे. मी हापिसात बसो, दार लावून."

पैसे आले त्यातून दोन्ही कानांची यंत्रं घेतली. चारुलताबाईंनी आधीच बजावलं होतं, चष्मा लावल्यासारखं लगेच होणार नाही. झालंही नाही. पहिल्या दिवशी भांडी घासण्याचा आवाज त्यांना इतका कर्कश वाटला की ते घराबाहेर जाऊन बसले. बाहेर मोटारसायकली. शेतात गेले तर वारा. आठवडाभर यंत्रं डबीत पडून होती. मग पुष्पाबाईंनी त्यांना रोज थोडा थोडा वेळ घालायला लावली, आधी नुसतं दोघं बोलताना, मग चौघांत. रेवतीचा फोन आला की आता ते स्वतः बोलतात. सगळं कळतं असं नाही. न कळलेलं पुन्हा विचारतात आणि रेवती पुन्हा सांगते. किणकिण गेलेली नाही. ती जात नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

फाटकावरची नोकरी त्यांनी सोडली. नारायणरावांच्या शेडमध्ये आता कान झाकायचे जाड कप आले आहेत, भिंतीवर खिळ्याला टांगलेले. पुष्कळ लोक ते गळ्यात अडकवून फिरतात, घाम येतो म्हणतात. कोकिळा मात्र घालते. नीळकंठभाऊ एकदा तिथे गेले तेव्हा त्यांनी कुणाला उपदेश केला नाही. एका नव्या हेल्परच्या गळ्यातला कप उचलून त्याच्या कानांवर ठेवला आणि त्याला मूठ वळून ‘बंद कर’ची खूण केली. पोरगा हसला. पुढे त्याने तो काढला की ठेवला, ते त्यांना माहीत नाही.

आता पावसाळ्यात जिनिंगवाले त्यांना बोलावतात. मशिनी बंद असतात, शेडमध्ये चिमण्या असतात, पत्र्यावर पाणी वाजत असतं. रोलर काढायचे, चामड्याच्या चकत्या बसवायच्या, पट्ट्या घासायच्या. बेअरिंग फिरवून त्यावर बोटं टेकवतात आणि खरखर बोटांना कळते. यंदा धामणगाव बढ्याचं काम आहे, ते झालं की मलकापूरच्या बाजूला एक. काम घेताना ते आधीच सांगून ठेवतात की मशिनी फिरवून दाखवीन, पण सीझनमध्ये चालवायला थांबणार नाही. पुष्पाबाई आठवडाभराच्या दशम्या बांधून देतात. दिवाळीच्या आधी ते हत्यारांची पेटी घेऊन उंद्रीला परत येतात.